इंगवले सरांचं कुलूप

“आरं पुढं मार की! पुढं गोल हाय, मागं काय तुझं सासर हाय?”

हे मी ओरडलो होतो. माझ्या आजूबाजूच्या चार-पाचशे माणसांनाही तेच म्हणायचं होतं, पण आवाज माझा मोठा, आणि तोंड त्याहून मोठं. सामना संपायला दहा मिनिटं उरली होती. शून्य-शून्य. आमच्या चिंचबन तालमीचा एकुलता एक फॉरवर्ड बबलू सणगर पलीकडच्या अर्ध्यात कमरेवर हात ठेवून उभा होता. एस. टी. चुकलेल्या माणसासारखा. बाकीचे दहाच्या दहा गडी आपल्या गोलासमोर. चेंडू मिळाला की मागे, मागून आडवा, आडव्यातून पुन्हा मागे. हा सलग तिसरा सामना असाच चालला होता.

त्यात भर म्हणून खोलगल्ली तालमीची पोरं आलेली. त्यांचा सामना नव्हता, पण आमची मजा बघायला आली होती. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि दोन तालमींचं हाडवैर असलं की माणूस स्वतःचा सामना चुकवेल, वैऱ्याची फजिती चुकवणार नाही. त्यांनी एका बांबूला गोदामाचं हे एवढं पितळी कुलूप बांधून आणलं होतं. आमच्या बचावातल्या कुणी चेंडू मागे दिला की ते कुलूप हलायचं आणि ओरडा व्हायचा, “चिंचबन, दुकान बंद!”

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. आमचे प्रशिक्षक इंगवले सर उठले, जाड भिंगांचा चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि खाली मान घालून निघाले. जिंकलो नाही याचं दुःख नाही, लाज नाही. मला तर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिथूनच माझ्या डोक्यात किडा शिरला.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी दिनकर मोरबाळे, तेव्हा पस्तिशीचा. तालमीच्या कोपऱ्यावर माझं स्कूटरची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. तालमीचे झेंडे, पट्टे, ढोलांच्या गवसण्या सगळं मीच शिवायचो, आणि त्या जोरावर संघ कसा खेळवावा हेही मीच सांगायचो. दुकानासमोर चहाची गाडी होती. तिथं सकाळी बोललेलं दुपारपर्यंत पेठभर व्हायचं, आणि बोलणारा बहुतेक वेळा मीच असायचो.

पण त्या वर्षी माझी तडफड नुसत्या तालमीसाठी नव्हती. गोलात उभा राहणारा सयाजी माझा सख्खा धाकटा भाऊ. दिवसा फौंड्रीत ग्राइंडिंगवर राबायचा, संध्याकाळी काळा होऊन घरी यायचा, रात्रभर खोकायचा. एका सहकारी बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून कारकुनाची एक जागा निघाली होती. अट अशी की चालू हंगामात संघ शेवटच्या चारांत गेलेला पाहिजे आणि अर्जदार त्या संघातून एकूण एक सामना खेळलेला पाहिजे. सया बारावी पास. फौंड्रीतून बाहेर पडायला त्याला एवढा एकच दरवाजा होता. आमच्या गटात चार सामने. तीन बरोबरीत गेले, राहिला एक, तोही खोलगल्लीशी. आणि हे इंगवले सर, महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर, जिंकायचं नावच काढत नव्हते.

“सर,” त्या दिवशी सामना संपल्यावर मी त्यांना गाठलंच, “दुसरा फॉरवर्ड कुठं हरवला आपला?”

“मागे लागतो, दिनकर.”

“मागं नऊ हायत की!”

“खोलगल्लीशी बरोबरी केली तरी आपण शेवटच्या चारांत जातो. हिशेब सोपा आहे.”

“आन् हरलो तर?”

सरांनी सायकलचं स्टँड काढलं. मग म्हणाले, “म्हणून तर मागे ठेवतो,” आणि सायकलवर टांग मारून गेले.

मला ते पटलं नाही. माणूस बचाव करतो तर नीट करावा. सरांचा बचावही वाकडा होता. आमच्या डाव्या बाजूला तीन-तीन गडी एकमेकांच्या पायात पाय घालून उभे, आणि उजवीकडे एकटा पोरगा. उजवी बाजू सताड उघडी. तिन्ही सामन्यांत समोरच्यांनी तिथूनच हल्ले केले. सयानं उड्या मारमारून अडवले म्हणून वाचलो. एवढा जुना मास्तर, त्याला हे दिसत नसेल? की दिसत होतं, आणि चौथ्या सामन्यासाठी ती बाजू कुणाकरता तरी राखून ठेवली होती?

हे मी चहाच्या गाडीवर बोललो. दुसऱ्या दिवशी तेच मला बबलू सणगरनं, जणू काही त्याचाच शोध असल्यासारखं, परत ऐकवलं.

“दिनूभाऊ, सर मॅनेज झाल्यात म्हणं.”

“कोण म्हणतंय?”

“समदी पेठ म्हणत्या.”

समदी पेठ म्हणते म्हटल्यावर माझाही विश्वास बसला. स्वतःच सोडलेली पुडी स्वतःलाच खरी वाटावी, असला मी शहाणा.

मग मी सरांवर नजर ठेवायला लागलो. मंगळवारी दुपारी सीटचं रेक्झिन आणायला राजारामपुरीत गेलो होतो. बघतो तर डॉक्टर सासने यांच्या इमारतीखाली सरांची सायकल. डॉक्टर सासने म्हणजे खोलगल्ली तालमीचे आश्रयदाते. दरवर्षी संघाचे कपडे त्यांच्याकडून, विजयाच्या मिरवणुकीत पुढच्या जीपमध्ये तेच. डॉक्टर डोळ्यांचे. खाली दवाखाना, वर घर, आत जायला जिना एकच. मी समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. पाऊण तासानं सर एकटेच बाहेर आले. हातात तपकिरी पाकीट. इकडे-तिकडे बघून त्यांनी ते शर्टाच्या आत घातलं.

चष्मा बदलायला आले असतील, असं एकदा मनात आलं. पण चष्म्याचं पाकीट कुणी बनियनमध्ये लपवतं का? गुरुवारी मुद्दाम पुन्हा त्या बाजूला गेलो. सायकल पुन्हा तिथेच.

रात्री जेवताना मी सयाला म्हणालो, “तुझा सर विकला गेलाय.”

सया ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत होता. तो तसाच राहिला.

“कोण म्हणालं?”

“मी बघितलं. सासन्याकडनं पाकीट घेऊन बाहेर पडला. दोनदा.”

“दादा, सरांबद्दल असं बोलू नकोस.”

“का? तुझी नोकरी विकाय लागलाय त्यो, आन् मी बोलायचं न्हाई?”

“नको बोलूस एवढंच म्हणतो,” असं म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठला. हात धुताना त्याचा तांब्या दगडावर आपटला. मला वाटलं, गुरूवरची भक्ती दुखावली. पोरगा भाबडा आहे, त्याच्यासाठी आपणच काहीतरी करायला हवं.

ते मी केलं. शनिवारी सकाळी तालमीत बैठक बोलावली. अध्यक्ष आबा साळोखे गादीवर, लाल मातीच्या हौद्याभोवती खेळाडू, आणि उरलेल्या जागेत मिळेल तिथे पेठ. सर आले, चप्पल बाहेर काढली, हनुमंताला नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी बघितलेलं सगळं सांगितलं. सायकल, जिना, पाकीट, उघडी टाकलेली उजवी बाजू. सांगताना जरा मीठमसालाही लावला असेन.

“सर, सासन्यांच्याकडं गेला हुता?” आबांनी विचारलं.

“गेलो होतो.”

“कशाला?”

“ते सांगता येणार नाही.”

गलका उठला. आबांनी हात वर करून तो थांबवला. आबा जुन्या वळणाचे. आमच्या तालमीत संशयाचा निकाल कागदावर लागत नसे. पलीकडच्या खंडोबाच्या देवळातून ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा आणायचा, आणि ज्याच्यावर आळ असेल त्यानं तो मुठीत घेऊन बोलायचं. बेलभंडारा उचलून खोटं बोललेला माणूस पेठेनं पाहिलेला नव्हता. उचलला की माणूस सुटला, नाही उचलला की संपला.

ताटली आली. सर लगेच पुढे झाले. हात पुढे करून म्हणाले, “मी कुणाकडून पैसा घेतलेला नाही, घेणार नाही. देतो शपथ.”

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मला घाई होती, हुशारी होती. मला वाटलं, हा मास्तर माणूस, शब्दांतून निसटेल. पैसा घेतला नसेल, पोराला कुठं चिकटवून घेतलं असेल, प्लॉट घेतला असेल.

“असं न्हाई,” मी म्हणालो. “मी सांगतो तसं म्हणा. ह्या हंगामात मी संघ जसा खेळवला, त्यो फकस्त तालमीसाठी खेळवला. दुसऱ्या कुणासाठी न्हाई.”

सरांचा हात भंडाऱ्यावर थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला.

“हे म्हणता येणार नाही,” ते म्हणाले.

हौद्याच्या कडेला बसलेला सया ताडकन उठला. “आबा, मी सांगतो—”

“सया!” इंगवले सर शाळेच्या मैदानावर ओरडावं तसे ओरडले. आवाज चढवताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “खाली बस. एक शब्द बोलायचा नाही.”

सया बसला. मी आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे. पोराला काहीतरी माहीत आहे आणि मास्तर त्याचं तोंड दाबतोय, हे आता आंधळ्यालाही कळलं असतं.

सर चप्पल घालून निघून गेले. कुणी त्यांना वाट सोडली नाही. अंग चोरत, माणसांतून वाट काढत ते गेले. मागून कुणीतरी थुंकलं. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. संघाची सूत्रं बबलू सणगरकडे आली. बबलूनं तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या तीन फॉरवर्ड खेळतील आणि डावीकडचे दोघे पुढे येतील. टाळ्यांनी तालीम दणाणली.

रविवारी चार वाजता स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवव्या मिनिटाला बबलूनं गोल मारला. तीन सामने तोंडावर हात ठेवून बसलेली पेठ वेडी झाली. अनोळखी माणसं माझ्या गळ्यात पडली. “दिनूभाऊ, तुमच्यामुळं!” एकानं मला उचललंसुद्धा. समोर खोलगल्लीचं कुलूप खाली गेलं होतं. सयाची नोकरी मला हातात आल्यासारखी वाटत होती. मनात म्हटलं, पोराला लगेच सांगायचं नाही. आधी नवा शर्ट शिवून घ्यायचा, मग सांगायचं.

विसाव्या मिनिटाला त्यांचा एकजण आमच्या मोकळ्या पडलेल्या डाव्या बाजूनं आला आणि त्यानं लांबून एक साधा, जमिनीलगतचा फटका मारला. शाळेतल्या पोरानं पायानं अडवावा असा. सया हललाच नाही. चेंडू जाळ्यात गेल्यावर त्यानं मान वळवली.

“उन्हं आली आसतील डोळ्यावर,” माझ्या शेजारचा म्हणाला. सूर्य सयाच्या पाठीमागे होता.

मध्यंतराच्या जरा आधी तसाच दुसरा. तीच बाजू, तसाच फटका, आणि सया तसाच उभा. आता आमच्याच लोकांत कुजबुज सुरू झाली. मी उठलो आणि मध्यंतरानंतर त्याच्या गोलाच्या मागे, कुंपणाला चिकटून उभा राहिलो. तिथून मला दिसलं. उजवीकडचा चेंडू तो सरळ बघायचा. डावीकडे चेंडू गेला की मात्र अख्खी मान, अख्खा खांदा वळवून बघायचा, आणि तोवर उजवीकडचा माणूस त्याच्या नजरेतून जायचा. डाव्या बाजूनं येणारं काहीच त्याला वेळेवर कळत नव्हतं. तीन सामने त्या बाजूला तीन माणसं का उभी होती, ते मला कुंपणाची जाळी धरून उभ्या उभ्या कळलं.

“सया, डावीकडं!” मी ओरडलो. “डावीकडं बघ!”

पण माझा एवढा नावाजलेला आवाज त्या गोंगाटात त्याच्यापर्यंत पोचला नाही. तिसरा गोल झाला. आणि मग आमच्या बाजूनं, माझ्याच पेठेतून, ती आरोळी उठली.

“सया विकला! सया विकला!”

शब्द माझेच होते. फक्त नाव बदललं होतं. मी वळून “गप बसा” म्हणून ओरडलो, तर एकजण म्हणाला, “भाऊ हाय न्हवं, लागणारच!” चपला येऊन गोलात पडल्या. त्यातली एक सयाच्या डाव्या खांद्यावर बसली. ती येतानाही त्याला दिसली नव्हती.

चार-एक. शेवटचे चार गेले, बँक गेली.

सामना संपल्यावर सया मला स्टेडियमच्या मागे पाण्याच्या नळाजवळ सापडला. नळ सोडून त्याखाली डोकं धरून बसला होता. मी नळ बंद केला.

“डावा डोळा?”

त्यानं मान हलवली.

“कधीपासनं?”

“दिवाळीच्या आधी. ग्राइंडिंगची ठिणगी गेली. थोडं उजेडासारखं दिसतं, बाकी नाही. सरावाच्या पहिल्याच दिवशी सरांनी ओळखलं. सासने डॉक्टर फुकट बघत होते, सरांनी गळ घातली म्हणून. सर आधी जायचे, मी फौंड्रीतनं सुट्टी काढून मागनं. कुणी बघू नये म्हणून ते एकटेच बाहेर पडायचे. पाकिटात माझे कागद होते.” तो थांबला. “सर म्हणाले होते, तू नुसता उभा राहा, तुझ्या डाव्या बाजूला चेंडू येऊ देत नाही. तीन सामने आला नाही बघ.”

“अरे मग काल तालमीत…”

“ते खरंच माझ्यासाठी खेळवत होते, दादा. तालमीसाठी नाही. देवाचा भंडारा हातात घेऊन खोटं कसं बोलतील?”

मी म्हणालो, “परक्या माणसाला सांगितलंस. सख्ख्या भावाला का नाही सांगितलंस?”

सयानं तोंडावरचं पाणी पुसलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“सर म्हणालेले, दादाला सांग. मीच नको म्हणालो. तुला सकाळी सांगितलं असतं तर दुपारपर्यंत पेठेला कळलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या दारात गेलो. दोन खोल्यांचं घर. सर पायरीवर बसून मेथी निवडत होते. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि शेजारी बसवलं.

“झालं ते झालं. आता ऐक. बँकेतली यंदाची जागा गेली, पण पुढच्या वर्षी आणखी जागा निघणार आहेत. सयाला मी इचलकरंजीच्या एका संघात घालतो. गोलात नको, डाव्या बाजूला बॅक म्हणून, रेषेला चिकटून. डावीकडे रेषेच्या पलीकडे बघण्यासारखं काही नसतंच. कारकुनाला एक डोळा पुरतो, पण एका डोळ्याच्या पोराला संघात कोण घेईल? तेव्हा डोळ्याचं कुठं बोलायचं नाही.”

“पण सर, तुमचं काय? मी आत्ता जाऊन समद्यांना सांगतो की तुम्ही…”

“काय सांगणार? मी विकलो नाही, हे सांगायचं तर मी काय करत होतो तेही सांगावं लागेल.” त्यांनी मेथीची जुडी उलटी केली. “बोलू नकोस. एवढं एक कर.”

सया पुढच्या वर्षी इचलकरंजीकडून खेळला, त्याच्या पुढच्या वर्षी बँकेत लागला. गेल्या साली निवृत्त झाला. आता सर नाहीत, आणि सया म्हणाला की सांग आता, म्हणून सांगतोय. पण मला आठवते ती त्याच सोमवारची दहा वाजायची वेळ. सरांच्या घरून परत आलो तर चहाच्या गाडीवर वीस-पंचवीस माणसं जमलेली. आबा होते, बबलू होता. सगळे माझीच वाट बघत होते.

“दिनू,” आबा म्हणाले, “तू घरातला माणूस. खरं सांग. इंगवल्यानं सयाला फोडलंवतं ना? पोरगं शनवारी कायतरी सांगाय उठलंतं. त्यानंच गप बसवलं.”

“सांगा की, दिनूभाऊ,” बबलू म्हणाला. “म्हंजे सयाचा काय दोष न्हाई, समदा मास्तरचाच.”

त्यांनी मला भावाची सुटका ताटात वाढून दिली होती. हो म्हटलं की सया सुटणार होता आणि सर कायमचे बुडणार होते. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग पोरगं उभं का राहिलं गोलात?

तेवढ्यात गाडीच्या पलीकडे मला सर दिसले. दुधाची किटली घेऊन चालले होते. माणसांनी त्यांना बघून पाठी फिरवल्या, तरी ते थांबले. माझ्याकडेच बघत होते.

“मला काय म्हाईत न्हाई,” मी म्हणालो.

“तुला म्हाईत न्हाई?” आबा हसले. “म्हंजे तूबी खाल्लंस काय मर्दा?”

सगळे हसले. उत्तर जिभेवर होतं, सगळंच्या सगळं होतं. मी ते गिळलं, दुकानाची फळी वर केली आणि मशीनवर बसलो. मागे वळून बघितलं तेव्हा सर अजून तिथेच उभे होते. त्यांनी, शाळेत कुणाला कवायत नीट जमली की हलवत असतील तशी, एकदाच मान हलवली आणि किटली घेऊन चालू पडले.